किसनमामांची खंडेनवमी

शिफ्ट सुरू करण्याआधी किसनमामा उजव्या हाताचा हातमोजा काढत, पत्रा दाबणाऱ्या प्रेसला हात लावून तो कपाळाला लावत आणि मोजा पुन्हा चढवत. चाकणच्या आमच्या कारखान्यात मोजा काढणं म्हणजे सुरक्षेचा नियम मोडणं. मी एचआरला, त्यामुळे त्यांना समज देण्याचं काम माझ्याकडे आलं. तीच आमची पहिली भेट. माझं सगळं शांतपणे ऐकून ते म्हणाले, "मॅडम, मोजा घालून पाया पडत्यात व्हय कुनाच्या?" समज दिल्याची नोंद मी केली. मोजा निघतच राहिला.

मामा इथलेच. प्रेस उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या घरचा कांदा निघायचा. जमीन कंपनीला गेली आणि बदल्यात मामांना नोकरी लागली. तेव्हापासून त्या अवाढव्य यंत्राकडे ते आपल्या रानात राहायला आलेल्या भाडेकरूसारखं बघत. "आमच्या रानात उभी हाय, म्हंजी घरचीच की," असं कारखाना बघायला आलेल्या पाहुण्यांनाही सांगत. खंडेनवमीला तासभर लाइन बंद असे. मामा प्रेसला झेंडूचा हार घालत, हळदी-कुंकू लावत, नारळ फोडत. ही पूजा पहिल्यापासून त्यांचीच.

पुढे शॉपमध्ये, म्हणजे प्रेसच्या विभागात, ओडिशा, बिहार, झारखंडची कंत्राटी मुलं वाढत गेली. त्यांचं राष्ट्रीय एकात्मीकरण मामांनी आधीच उरकून टाकलं होतं. नाशिकच्या पलीकडचा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी भय्या. मी लातूरची, तर मलाही ते परमुलखातलीच धरत. नवीन आलेल्या परदेशी प्लँटहेडसाठी मी भारतीय संस्कृतीवर एक प्रेझेंटेशन केलं. त्यात कथकली होतं, भांगडा होता, वाळवंटातला उंटवाला होता. मामांनी ते मागे उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात आपल्या शॉपमधलं कोन हाय?" कोणीच नव्हतं.

त्या वर्षी मुलांनी विश्वकर्मा पूजेसाठी लाइन बंद ठेवण्याची मागणी केली. त्यांच्याकडे यंत्रांची पूजा त्या दिवशी असते, खंडेनवमीच्या आधी. प्लँटहेडने माझ्या प्रेझेंटेशनचा दाखला देऊन विविधतेबद्दल पूर्ण आदर व्यक्त केला आणि वर्षाला तास एकच मिळेल, असं सांगितलं. कुठल्या पूजेला द्यायचा ते शॉपने हात वर करून ठरवावं. मामांची निवृत्ती जवळ आली होती. कामावर असतानाची ही त्यांची शेवटची खंडेनवमी. हात वर झाले, ते मोजायचीही गरज पडली नाही. तास विश्वकर्मा पूजेला गेला.

मामा चिडले आणि त्यांनी ते लपवलं नाही. "माझ्याच रानात मलाच नारळ फोडायची बंदी," असं ते भेटेल त्याला ऐकवत राहिले.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी त्यांनी रजा टाकली होती. तरी पांढरा स्वच्छ सदरा आणि टोपी घालून शॉपमध्ये हजर. "पूजेला न्हाई आलो," त्यांनी मला बजावलं. "मशिनीकडं आलोय." मुलांचा म्होरक्या, ओडिशाचा दीनबंधू, प्रेसला शेंदूर लावत होता. मामांनी ते जरा वेळ बघितलं, खिशातून हळदी-कुंकवाच्या पुड्या काढल्या आणि शेंदराशेजारी आपली बोटं ओढली. दीनबंधूने नारळ त्यांच्यापुढे धरला. "मामा, आप फोडिए." मामांनी फोडला. प्रसादाची बुंदी पुन्हा मागून घेतली आणि फार गोड झालीये असा शेराही मारला.

खंडेनवमीला लाइन चालू राहिली. मामा पुन्हा रजेवर. दसरा झाल्यावर कामावर आले तेव्हा मी कारण विचारलं.

"त्या दिशी ती चालताना बघवली नसती, मॅडम. पोळ्याला बैल औताला जुंपल्यावानी वाटतं." बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मी रजेच्या कारणापुढे 'वैयक्तिक' असं लिहिलं.

मामा निवृत्त झाले. पुढच्या वर्षी पुन्हा हात वर करायची वेळ आली. दीनबंधूने मुलांना काय सांगितलं होतं कोण जाणे, पण सगळे हात खंडेनवमीसाठी वर गेले. मी विचारलं तर म्हणाला, "मशीन मामा के खेत में है ना. नारियल वही फोडेंगे." मी आनंदाने मामांना फोन लावला. वाटलं, म्हातारा खूश होईल.

मामा म्हणाले, "म्हंजी पोरांच्या पूजेला औंदा मशीन चालू ऱ्हानार?"

"हो मामा. तास एकच आहे."

"आन् दीनबंधू तवा कामावर असंल?"

"त्याचीच शिफ्ट आहे."

"त्याला म्हनावं, त्या दिशी रजा काढ. बघवत न्हाई."

कंत्राटी मुलांना रजा नसते. ते मला त्यांना सांगवलं नाही.