बायकांच्या संगीत खुर्चीतलं इंजिन

माझी धाकटी बहीण विशीतली. ती चालत नाही, बोलत नाही, हातही तिच्या मनासारखे वळत नाहीत. पण तिला गाणं लागतं आणि माणसांची गडबड लागते. सिरसाळ्यात आमच्या गल्लीतल्या गणपतीत दरवर्षी तिची चाकाची खुर्ची स्टेजशेजारी उभी करायची, प्रसादाचे दोन घास भरवायचे, की झाला तिचा गणपती.

यंदा बायकांची संगीत खुर्ची होती. खेळ घेणाऱ्या शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "हिला कावून कडंला बसवलंय? घे की खेळात."

"काकू, तिला खुर्ची आधीच हाय. ती बाद कशी व्हायची?"

सवाल रास्त होता. बायकांनी बराच खल केला. शेवटी ठरलं, गाणं थांबल्यावर तिच्या खुर्चीचं पायदान रिकाम्या खुर्चीला टेकलं पाहिजे. टेकलं की ती जागा तिची.

मग एकीनं, खुर्ची ढकलायला मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं बोट केलं. "पण बायकांच्या खेळात गडी कसा?"

"त्यो गडी न्हाई," काकू म्हणाल्या. "इंजिन हाय."

गाणं सुरू झालं आणि इंजिन पळू लागलं. लोखंडी पायदान मागं आलं की पुढच्या बाईची पावलं आपोआप लांब पडायची. गाणं थांबलं की आम्ही ज्या खुर्चीकडं वळू, तिथली बाई पायाचे अंगठे सांभाळत बाजूला सरायची. बहीण मान मागं टाकून खदाखदा हसत होती. अशी दहशत घालत आम्ही शेवटच्या फेरीत पोचलो. समोर उरली होती आमची आई.

पळता पळता मी हळूच म्हणालो, "आई, सोड की."

"कावून सोडू? तिला खेळायचंय ना? मग खेळा."

गाणं थांबलं. आईनं पदर खोचलेलाच होता. ती धपकन बसली. आमचं पायदान हातभर मागं राहिलं. बहिणीनं घटकाभर तिच्याकडं पाहिलं आणि असा काही आवाज लावला, की स्पीकरवाल्या मामांनी दचकून गाणं परत चालू केलं. गाणं ऐकताच आई सवयीनं उठली आणि पळायला लागली. मी बहिणीची खुर्ची तशीच पुढं ढकलली. पायदान टेकलं.

"ही बेइमानी हाय," आई म्हणाली.

"तुमीच उठलात, वहिनी," काकू म्हणाल्या आणि बक्षिसाची स्टीलची कळशी बहिणीच्या मांडीवर ठेवली.

कळशी कुणीही जिंकली असती तरी येणार आमच्याच घरात होती. तरी आईचा राग उतरला नाही. घरी येईस्तोवर ती बहिणीशी बोलली नाही, आणि बहीण घरी येईस्तोवर हसत होती.