कांदे भरलेत

"तुमी कंपनीवाले जरा वखारीत बसा. त्या कपड्यात पाहुण्यांसमोर फिरू नका. बरं दिसत न्हाई."

हे आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष बोलले. पांढरेशुभ्र कपडे, अत्तराचा भपकारा. कॉलेजला दर्जा द्यायला शहरातून समिती येणार होती. आम्ही सकाळी कॉलेज करून दुपारी कंपनीत जाणारी पोरं. माझी भाड्याची खोली लांब चिखलीत. खोलीवर जाऊन कपडे बदलायला वेळ कुठला? म्हणून राखाडी शर्ट आणि जड बूट घालूनच मी वर्गात बसायचे. फी भरताना त्या बुटांचं कुणाला काही वाटायचं नाही.

आम्हाला मागच्या कांद्याच्या वखारीत घातलं आणि शिपायानं बाहेरून कडी लावली.

गंमत बघा. त्या वखारीतच हे कॉलेज जन्माला आलं होतं. गावानं कांदे बाजूला सारून पोरांना जागा दिली. बायकांनी जमीन सारवली, कुणी घरचं बाक आणून टाकलं. कांदा आला की वर्ग चिंचेखाली. पुढं जवळच चाकणला कंपन्या आल्या. कंपन्यांना शिकलेले हात हवे झाले, हातांना डिग्री हवी झाली. आमच्यासारखे बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले लोक भाड्याच्या खोल्यांत राहून नाव घालू लागले. आमची डोकी दाखवून तुकड्या मंजूर झाल्या, तुकड्यांवर मजले चढले. अध्यक्ष मात्र प्रत्येक भाषणात सांगायचे की हे रोपटं त्यांनी एकट्यानं लावलं. या माणसानं घरच्या कुंडीला तरी कधी पाणी घातलं असेल का, मला शंका आहे.

वखारीला हवा खेळायला फटी असतात. त्या फटीतून मी सगळं बघत होते. संस्थेच्या शहरातल्या कॉलेजातली पोरं बसमधून आणली होती. कडक इस्त्रीची. ती आमच्या बाकांवर बसली. माझ्या जागेवर एक मुलगी बसली, रुमालानं बाक पुसून.

समिती मागच्या बाजूला आली. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "इथं काय आहे?"

"काय न्हाई मॅडम. कांदे भरलेत."

माझ्या शेजारी वेल्डिंगला जाणारा एक पोरगा होता. त्याला खोकला येत होता. त्यानं तोंडात शर्टाची बाही कोंबली. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज येऊ दिला नाही. कुणीच हललं नाही. माणसं कांदे होऊन बसली. मला शरम वाटली आणि लगेच त्या शरमेची चीड आली. शरम वाटायची त्यांना, ती आमच्या वाट्याला कशी आली?

समिती जेवून गेल्यावर कडी निघाली. शिपाई उरलेल्या नाश्त्याचं ताट घेऊन आला. चेपलेले समोसे, कुणीतरी फोडून टाकलेली बालुशाही. म्हणाला, "अध्यक्षांनी आठवणीनं पाठवलंय."

मी म्हटलं, "परत न्या. कांदे खात नाहीत."

मी फाट्यावर जाऊन कंपनीची बस पकडली. त्या दिवशी वायरी जोडताना मी ठरवलं, शिकायचं आणि याच कॉलेजात शिकवायला यायचं. यांच्या छाताडावर.

आले. आता मी इथं इतिहास शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणूक, दरवर्षी नव्यानं मान खाली. कॉलेजला काचा लागल्या, लिफ्ट आली. वखार पाडून तिथं हिरवळ केली, हिरवळीवर "चालू नये" अशी पाटी लावली. अध्यक्षांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा बसतो. अत्तर तेच.

परवा प्राचार्यांनी बोलावलं. सोमवारी समिती येणार.

"मॅडम, तुमच्या शिफ्टवाल्या मुलांना त्या दिवशी सुट्टी द्या. आपल्या शहरातल्या कॉलेजची मुलं मागवलीत."

"का सर?"

"अहो, युनिफॉर्मवर येतात, वर्गात पेंगतात. इम्प्रेशन जातं. आणि जूनमध्ये तुमच्या नेमणुकीची ऑर्डर काढायचीय ना? समजून घ्या."

हे सद्गृहस्थ स्वतः मीटिंगमध्ये घोरतात. पण ती झोप एसीतली, तिला इम्प्रेशन असतं. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. एवढं मोठं टेबल, एवढी मोठी डिग्री, आणि माणूस केवढासा.

म्हटलं, "सुट्टी देणार नाही."

"मग ऑर्डरचं मी काही सांगू शकत नाही."

"नका सांगू."

आज सकाळी वर्गात गेले. निम्मी पोरं रात्रपाळी करून थेट आलेली, डोळे लाल. मी फळ्याकडे न वळता सांगितलं, "सोमवारी सगळ्यांनी यायचं. आहे त्या कपड्यात. बूट न पुसता. पहिल्या बाकांवर बसायचं. शहरातली पोरं येतील, त्यांना उठून जागा द्यायची नाही."

मागच्या बाकावर गावातलीच एक पोरगी बसते, गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या कंपनीत कामाला जाते. ती उभी राहिली.

"आमी येतो मॅडम. पर तुमाला काढतील न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. "काढतील."

ती आपली बॅग उचलून पुढं आली आणि पहिल्या बाकावर बसली.

सोमवारी समिती माझ्या वर्गाच्या दारात येईल. प्राचार्य त्यांना पुढं न्यायला बघतील. मी दार धरून उभी राहणार आहे, उघडं. कुणी विचारलं, ही मुलं कोण, तर उत्तर प्राचार्यांना देऊ देणार नाही. मी सांगणार आहे. हे कॉलेज आहे. बाकी सगळं बांधकाम आहे.