काम क्रमांक एक्केचाळीस

आमच्या कंपनीत कॉम्प्युटर अडला की आधी माणूस अडायचा. घाबरायचा, वैतागायचा, उगाच चार बटणं दाबायचा आणि मग मदतकक्षाला फोन लावायचा. तिकडून मास्तरांचा आवाज यायचा, "हं, बोला. आधी श्वास घ्या. कॉम्प्युटर कुठे पळून जात नाही." एकवीस वर्षं हीच खुर्ची, हाच आवाज. मास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण ते चूक अशी समजावायचे की साठीच्या माणसालाही पाटी-पेन्सिल आठवावी. म्हणून नाव पडलं ते पडलंच, खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं.

मी शेजारच्या टेबलावर सोळा वर्षं काढली. माझी जीभ तिखट. मी लोकांवर खेकसायची आणि मास्तर मागून जाऊन मलमपट्टी करायचे. "ताई," ते मला एकटीला हळूच म्हणायचे, "माणूस चिडून बोलतो ना, तेव्हा तो फक्त पासवर्ड विसरलेला असतो." मला त्यांचा रागही यायचा. इतकं चांगलं असू नये माणसाने, दुसऱ्यांची पंचाईत होते.

दुपारी दीड वाजता त्यांच्या टेबलावरचा फोन वाजायचा. तो त्यांच्या आईचा. समोर मोठे साहेब उभे असोत, मास्तर तो घेणारच. बोलणं ठरलेलं.

"डबा खाल्लास?"

"खाल्ला. तू गोळी घेतलीस?"

"घेते."

"घेते नाही, आत्ता घे. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबायचे. पलीकडे भांडं वाजायचं, म्हातारी "घेतली" म्हणायची, मग हे म्हणायचे, "शहाणी माझी आई ती," आणि फोन ठेवायचे. आई ऐंशीच्या पुढची. सख्ख्या बहिणीचं नाव विसरली होती, पण मुलाच्या ऑफिसचा नंबर तिला पाठ होता.

मग नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून घेतलं, 'आपण एक कुटुंब'. पुढच्याच महिन्यात कुटुंबातल्या अकरा जणांना बोलावून सांगितलं की आपलं काम आता बाहेरची कंपनी करणार. दोघांना ठेवलं, अहवाल तपासायला. त्यातली एक मी. एरवी माझं तोंड म्हणजे फटाक्यांची माळ, पण त्या दिवशी मी मूग गिळून बसले. त्याची लाज आजही वाटते.

जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपलं काम बाहेरच्यांना शिकवायचं होतं. त्याला म्हणायचं ज्ञान हस्तांतरण. तीन महिने मास्तर कानाला हेडफोन लावून पडद्याशी बोलत होते. पडद्यावर तीन काळे चौकोन. चेहरा नाही, नाव नाही, नुसतं टीम एक, टीम दोन, टीम तीन. मास्तरांचा कॅमेरा मात्र सकाळी नऊ ते सहा चालू. टेबलावरचा फोन वाजला तरी रेकॉर्डिंग थांबवायचं नाही, असा नियम होता.

ते चौकोन कामाचं फार विचारतच नव्हते. विचारायचे ते भलतंच. फोन उचलल्यावर आपण किती सेकंद गप्प राहता? चष्मा पुसताना आवाज खाली का जातो? समोरचा रडला तर आपण काय म्हणता? मी म्हटलं, "मास्तर, हे काम शिकतायत की तुम्हाला शिकतायत?" ते म्हणाले, "शिकू द्या की. शिकणाऱ्याला नाही म्हणू नये." अशा रीतीने या भल्या माणसाने रोज थोडा थोडा करून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

शेवटच्या आठवड्यात एकदा समजावता समजावता मास्तर "हं" म्हणाले, आणि पलीकडूनही "हं" आलं. अगदी तसंच, तेवढंच लांब. आम्ही हसलो, पलीकडचेही हसले. मग मास्तरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला गेले.

पूर्वी कुणी नोकरी सोडली तर चहा व्हायचा, दोघं-तिघं बोलायचे, एखादा रडायचा. मास्तरांना एक ईमेल आली. चार वाजता त्यांचं कार्ड बंद झालं आणि ते दाराच्या आतच अडकले. मी माझ्या कार्डाने दार उघडून दिलं. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण लहानपणी पाठ केली होती. ती दाराशी डबा घेऊन उभी असते, हे त्या दिवशी पाहिलं.

सोमवारी माझा कॉम्प्युटर अडला. मी मदतकक्षाला फोन लावला.

"हं, बोला. आधी श्वास घ्या."

"मास्तर?" मी म्हटलं.

"बोलतोय, ताई."

शेजारची खुर्ची तर रिकामी होती, टेबलावरचा फोनही काढून त्याचा नंबर बाहेरच्यांकडे वळवला होता. मी तडक साहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, त्या कंपनीकडे आवाज एकसारखा करायची सोय आहे. पलीकडे कुणीही बसलेलं असो, ऐकणाऱ्याला मास्तरच ऐकू येतात. लोकांना बदल जाणवू नये हा उद्देश. मास्तरांना विचारलंत का, म्हटलं, तर म्हणाले, कागदावर सही आहे त्यांची. तळपायाची आग मस्तकात गेली, पण सही होती.

एकदा मी त्या आवाजालाच विचारलं, "तुम्ही माणूस आहात की यंत्र? खरं सांगा." तो थोडा थांबला. मास्तर थांबायचे तेवढाच. मग म्हणाला, "ताई, माणूस चिडून बोलतो ना, तेव्हा तो फक्त पासवर्ड विसरलेला असतो." त्यानंतर मी मदतकक्षाला फोन करणंच सोडलं. अडलं तर अडलं.

सगळ्यात भयंकर म्हणजे बाकी कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा एकजण मला जिन्यात म्हणाला, "मास्तर अजून तसेच आहेत हो, काल दोन मिनिटांत काम केलं." मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला वाटलं, मला त्याचं नाव आठवत नाहीये.

तीन महिन्यांनी पहिला अहवाल आला. कोणी, किती वाजता, कशासाठी फोन केला, सगळ्याची नोंद. माझं काम एवढंच, की आपली कामं ठेवायची आणि आपली नसलेली खोडायची. खोडलं की ते काम बंद. बाहेरच्या एकाच नंबरावरून रोज एक फोन होता, दुपारी दीडला. मी कामांची यादी उघडली.

'काम क्रमांक ४१. रोज दीडचा फोन. डबा खाल्ल्याचे सांगणे. गोळीची चौकशी करणे. भांड्याचा आवाज येईपर्यंत थांबणे. शहाणी माझी आई ती, असे म्हणणे. फोन ठेवणे.' आणि प्रत्येक तारखेपुढे शेरा, 'समाधान झाले.'

मास्तर रेकॉर्डिंगच्या मधे आईशी बोलायचे. बाहेरच्यांना तेही कामच वाटलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि इमानेइतबारे करत राहिले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मास्तरांच्या घरी गेले. त्यांची बायको शाळेत शिकवते, ती नव्हती. दार त्यांनीच उघडलं. घरात असून इस्त्रीचा शर्ट, पट्टा, सगळं जिथल्या तिथे. खिडकीशी आई बसली होती, हाताशी स्टुलावर फोन. मी वाकून नमस्कार केला. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मास्तरांकडे बोट दाखवून मला हळूच सांगितलं, "हे आमच्याकडे राहायला आलेत. स्वभावाने बरे आहेत."

मास्तरांनी मला स्वयंपाकघरात नेलं. "पहिला आठवडा विचारायची, आज सुट्टी का? मग विचारायची बंद झाली. एक दिवस हिला म्हणाली, हे गृहस्थ कोण? मी म्हटलं, आई, मी तुझा मुलगा. तर म्हणते, माझा मुलगा कामाच्या दिवशी घरी बसत नाही." ते चष्मा पुसत होते, आवाज खाली गेला होता. "गोळी माझ्या हातून घेत नाही. परका माणूस काय देईल कुणी सांगावं. पण दीडनंतर आपली आपण घेते, म्हणून मी ताणून धरत नाही."

"आणि दीड वाजता तुम्ही कुठे असता?"

"खाली जाऊन चक्कर मारतो. ती तो नंबर लावते आणि एकटीच बोलते. बघवत नाही."

मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे?"

"तुम्हीच आहात," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते गेलं आणि मलाच भीती वाटली. "एक शब्द सांगा. आजच्या आज खोडते."

"थांबा. आज मी बोलतो तिच्याशी."

एक पंचवीसला त्यांनी फोनची वायर भिंतीतून काढली आणि गोळी हातात घेऊन आईसमोर खुर्ची ओढून बसले. दीड वाजला. आईने फोन उचलला, नंबर दाबला, ऐकलं. पुन्हा दाबला. मास्तर म्हणाले, "आई, डबा खाल्ला मी. तू गोळी घेतलीस?"

ती त्यांच्याकडे बघेचना. "लागत नाही," ती म्हणाली. "लागत कसा नाही? रोज लागतो." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.

"आई, इकडे बघ. मी इथे आहे. घेते नाही, आत्ता घे. मी थांबतो."

"बाजूला व्हा हो तुम्ही!" ती किंचाळली. "माझ्या मुलाला काहीतरी झालंय! कुणीतरी जा रे त्याच्या ऑफिसात!" आणि ती मोठमोठ्याने रडायला लागली. गोळी जमिनीवर पडली. तिचे ओठ निळसर दिसायला लागले तशी माझी पाचावर धारण बसली. मास्तर दोन्ही हात पुढे करून नुसते बसले होते. रडणाऱ्याला काय म्हणायचं ते त्यांनी तीन महिने लोकांना शिकवलं होतं. ते सगळं म्हणून झालं, पण तिला ते ऐकूच गेलं नाही.

शेवटी त्यांनीच उठून वायर लावली. नंबरही त्यांनीच दाबला. पलीकडून आवाज आला, खोलीभर ऐकू जाईल इतका स्वच्छ, "हं, बोला. आधी श्वास घ्या."

मास्तरांनी खरंच श्वास घेतला. मग फोन आईच्या कानाला लावला.

"किती घाबरले रे मी," ती म्हणाली, आणि रडू थांबलं. "डबा खाल्लास? हो. हो. नाही रे, ते गृहस्थ देतायत, त्यांच्या हातून कशी घेऊ? बरं. बरं, तू म्हणतोस तर." तिने मास्तरांसमोर तळहात धरला. "द्या लवकर. तो थांबलाय."

मास्तरांनी नवी गोळी दिली, पाणी दिलं. तिने भांडं खाली ठेवलं आणि फोनवर हात आडवा धरून हळूच काहीतरी विचारलं. पलीकडून काहीतरी म्हटलं गेलं, ती लाजल्यासारखी हसली आणि तिने फोन ठेवला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार लावलं. मी पर्स उचलली, तसे मास्तर माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "एक्केचाळीस खोडू नका, ताई. राहू द्या."

आईने मागून त्यांना हाक मारली. "अहो, ऐकलंत का? मी विचारलं त्याला तुमच्याबद्दल. म्हणाला, राहू दे त्यांना घरात."