रेकॉर्डवर नसलेली बाई

वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. गुजरातेत, उधन्याच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात ते बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर मुकादम आत घेई, नाहीतर घरी परत. त्या दिवशी ते आत गेले आणि उकळत्या रंगाच्या हौदात पडले. कारखान्याचं म्हणणं असं की या माणसाला आम्ही कामावर घेतलंच नव्हतं, तो आपणहून आत घुसला. भरपाईची केस झाली आणि माय ती हरली.

का हरली, हे तिनं कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, "मी बोलाले नको व्हतं." त्यानंतर ती घराबाहेर बोलेनाशीच झाली. रेशनच्या दुकानात मला पुढे करी. दवाखान्यात डॉक्टरनं काही विचारलं की माझ्याकडे बघे. आम्ही लिंबायतला राहत होतो. आजूबाजूला सगळी खानदेशातून आलेली माणसं. त्यांच्यातही ती मान हलवूनच उत्तर देई. दिवसभर यंत्रमागांच्या एका शेडमध्ये सुताच्या बॉबिन भरायची. तिथल्या खडखडाटात कुणालाच बोलावं लागत नसे, म्हणून तिला ते काम बरं वाटत असावं.

मी वकील व्हायचं ठरवलं, त्यात वडिलांचा सूड वगैरे काही नव्हतं. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं की तुझं अक्षर चांगलं आहे, भाषा चांगली आहे, वकील हो. म्हणून झालो. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती.

आमच्या लॉ कॉलेजात त्या वर्षी नवे प्रिन्सिपॉल आले. मुलं पुस्तकं घोकतात आणि कोर्टात जाऊन गोंधळतात, असं त्यांचं मत होतं. म्हणून दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी अनुभवी माणूस बोलवायचा, त्यानं पाऊण तास बोलायचं, मुलांनी डबा खात ऐकायचं, असा बेत त्यांनी सुरू केला. निवृत्त न्यायाधीश, आयकरवाले, बँकेचे कायदा अधिकारी असे पुष्कळ जण येऊन गेले. फळ्यावर सुवाच्य अक्षरात वक्त्याचं नाव लिहायचं काम माझ्याकडे होतं. बाकीच्या मुलांच्या डब्यात थेपले, हांडवो असे. माझ्याकडे भाकरी आणि लसणाची चटणी. चटणीचा वास पसरतो म्हणून मी शेवटच्या बाकावर बसत असे.

एका शुक्रवारी शहरातले नावाजलेले वकील आले. साठीचे, गोरेपान, बोलणं अगदी गोड. विषय होता उलटतपासणी. सुरुवातीलाच त्यांनी सगळ्यांना हसवलं. मग म्हणाले, "साक्षीदाराची भाषा कोर्टापेक्षा तुम्हाला जास्त यायला हवी. एक किस्सा सांगतो."

ते गुजरातीत सांगत होते. एका कारखान्याची केस होती. बदली कामगार मेला होता, त्याची बायको साक्षीला उभी होती. खानदेशातली बाई, गुजराती येत नव्हतं. "हातात वनस्पती तुपाचा रिकामा डबा, त्यात घरून आणलेलं पाणी. कोर्टातलं पाणी तिला चालत नसावं! जजसाहेबांनी डबा खाली ठेवायला सांगितला तर छातीशी धरला. शेवटी पट्टेवाल्यानं काढून घेतला."

वर्गात हशा पिकला. मीही हसलो. हे मला लिहायलाच हवं. घास तोंडात होता आणि मी हसलो.

"मी तिला विचारलं," ते पुढे म्हणाले, "मुकादमे एने आववानी मना करी हती ने? मुकादमानं त्याला यायला मनाई केली होती ना? आता मला ठाऊक होतं की यांच्या बोलीत 'मना' म्हणजे 'माझा'. ती लगेच म्हणाली, 'मना... मना घरवाला...' मी तिथंच थांबवलं. म्हटलं, बस बाई, मना, एवढंच हवं होतं. साहेब, लिहून घ्या. तिच्या वकिलाला खानदेशी येत नव्हतं आणि साहेबांनाही. केस संपली!"

टाळ्या पडल्या. काहींनी बाकं वाजवली. माझे हात भाकरीवर होते. पट्टेवाल्यानं तो डबा बाहेर आणून माझ्या हातात दिला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात धाकट्या बहिणीला घेऊन मी बसलो होतो आणि आम्ही दोघांनी त्यातलं पाणी पिऊन संपवलं होतं. माय बाहेर आली तेव्हा तिच्यासाठी काही उरलं नव्हतं.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. आमच्या वर्गात दोनच मुली होत्या. तिनं विचारलं, "साहेब, मग त्या बाईचं काय झालं?"

वकीलसाहेब हसून म्हणाले, "ए तो रेकॉर्ड पर नथी, बेन." ते रेकॉर्डवर नाही.

पुन्हा हशा.

व्याख्यान संपल्यावर प्रिन्सिपॉलांनी मला पुढे बोलावलं. "हा आमचा हुशार मुलगा. गुजराती, मराठी, खानदेशी सगळं येतं." वकीलसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खानदेशी येतं? दीकरा, मला असाच मुलगा हवा आहे. परीक्षा झाली की माझ्या ऑफिसात ये."

मी एवढंच म्हटलं, "हो साहेब."

आमच्या गल्लीतला मुलगा त्या ऑफिसात जातो ही मोठी गोष्ट होती. आजवर मी स्वतःला हेच कारण सांगत आलो आहे. ते खरंही आहे आणि पुरेसंही नाही. परीक्षा झाली आणि मी गेलो. पहिल्याच महिन्यात मागच्या खोलीतल्या जुन्या गठ्ठ्यांतून ती फाइल शोधून काढली. साक्षीच्या कागदावर गुजरातीत लिहिलं होतं: 'माझ्या पतीस त्या दिवशी कामावर येण्यास मनाई करण्यात आली होती हे खरे आहे.' खाली मायच्या अंगठ्याचा ठसा. शाई पसरलेली. मी फाइल पुन्हा गठ्ठ्यात बांधून ठेवली.

घरी मी फक्त सांगितलं होतं की एका मोठ्या वकिलाकडे बसतो. मायनं नाव विचारलं नाही.

एक दिवस मी डबा विसरलो. ती शेडमधून सुट्टी काढून तो घेऊन कोर्टात आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच तिनं तिथं पाय ठेवला होता. मी साहेबांच्या मागून त्यांच्या फायली छातीशी धरून जिना उतरत होतो. ती खाली उभी होती. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डबा पायरीवर ठेवला आणि गेली.

संध्याकाळी मी घरी आलो तर ती चुलीपुढे बसली होती.

"त्यानी माले वयखं का?" तिनं विचारलं.

"नाही माय. त्यानं तुला ओळखलं नाही."

"अन् तू त्याले?"

मी मान खाली घातली. "माहीत होतं मला."

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मी काय चूक बोल्नू त्या रोज, ते सांग माले."

तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यानं काय विचारलं, गुजरातीत मना म्हणजे काय, तिचं वाक्य कुठं तोडलं. ती ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली, ती तिनं उलटली नाही.

"मना म्हंजे मना," ती म्हणाली. "आखो काय?" म्हणजे, आणखी काय? आणि मग एकदम रडली. वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "उद्यापासून जात नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "जा. त्यानाकडून सगळं शिकी ले. मंग सोड."

त्यानंतर वर्षभर मी तिथं होतो. रोज सकाळी ती डबा भरून देई, मी घेऊन जाई. त्या वर्षाइतकं वाईट वर्ष माझ्या आयुष्यात दुसरं नाही. खानदेशी साक्षीदार आले की साहेब माझ्याकडे वळून विचारत, "शुं कहे छे?" आणि मी सांगत असे. खरं तेच सांगत असे. पण ते त्या खऱ्याचं काय करणार हे मला ठाऊक असे. एका म्हाताऱ्याची तर भावाच्या मृत्यूची केस होती. तो माझ्याकडे बघून आपल्या बोलीत म्हणाला, बरं झालं बाबा, आपला माणूस भेटला.

वकिलीची सनद मिळाली त्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो. म्हटलं, "साहेब, तो पाण्याच्या डब्याचा किस्सा. ती बाई माझी आई आहे."

त्यांनी चष्मा काढला. चेहरा उतरला. "अरे दीकरा, आधी नाही का सांगायचंस? मी तुझ्यासमोर ती गोष्ट कधीच सांगितली नसती."

त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. आपण काय केलं याचं नाही, मी तिथं बसलो होतो याचं. मी नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

निकाल पुन्हा उघडता येतो का हे मी तीन वकिलांना विचारलं. दोघांनी मुदत केव्हाच टळली आहे असं सांगितलं. तिसऱ्यानं तर विचारलं, मुकादम आता आहे का? तो गावी जाऊन वारला होता. त्याच्याखेरीज वडिलांना आत घेताना पाहिलेलं कुणी नव्हतं.

मायला हे सांगितलं तेव्हा ती शेडवर जायला निघाली होती. "ठीक शे," म्हणाली आणि चपला घातल्या. पुढे चार वर्षं ती बॉबिन भरत राहिली. कापसाच्या धुळीनं छाती भरली, तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं नाव विचारलं. मी उत्तर द्यायला पुढे झालो तर तिनं माझा हात बाजूला केला आणि आपलं नाव सांगितलं, माझ्या वडिलांचं सांगितलं, गावाचं सांगितलं. आपल्याच बोलीत, मोठ्यानं. डॉक्टरला काही कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"लिहा," मी म्हटलं, "त्या सांगतात तसंच लिहा."

त्यानंतर ती फार दिवस जगली नाही.