अंबादासनं लिहिलेला शेवट

"पप्पा गेले, सर. तुम्हाला कळवू नका असं काही ते म्हणाले नव्हते, म्हणून फोन केला." अंबादासची मुलगी पद्मा एवढंच बोलली आणि तिनं फोन ठेवला. त्याला आता दीड महिना झाला...

अंबादास सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. घरात तेलुगू, कारखान्यात दखनी आणि लिहायला मराठी. मी एका वाचनालयाचा कार्यवाह. शिफ्ट सुटली की तो केसांत कापसाचे तंतू घेऊन यायचा आणि ग्रहताऱ्यांची पुस्तकं न्यायचा. देवांसाठी कमळाच्या तंतूंचं वस्त्र विणणाऱ्या ऋषीची गोष्ट त्याला आईनं सांगितली होती. "सर, इतकं कापड विणलं, तर तितं माग कोण दुरुस्त करत हुतं? गोष्टीत त्येचं नावच न्हाय की," तो एकदा म्हणाला. मी हसलो. त्यानं त्यावर विज्ञान कादंबरी लिहिली.

तिच्यातली पृथ्वी उन्हानं होरपळलेली होती. अंतराळात टांगलेल्या अवाढव्य मागांवर विणकर कमळतंतूंची सावली विणत होते, आणि ती ज्यांच्यावर पडायची ते स्वतःला देव म्हणवून घेत होते. शेवटी विणकर माग थांबवतात, ते वस्त्र आपल्याच वस्तीवर अंथरतात आणि देव उन्हात उघडे पडतात. उभा जन्म पत्र्याखाली काढलेल्या माणसालाच सुचावा असा तो शेवट होता.

वाचनालयात मी त्याचं वाचन ठेवलं. शेवट ऐकून गावातली चार वजनदार माणसं उठून उभी राहिली. देवांना उघडं पाडतो म्हणजे काय? विज्ञानाचे एक प्राध्यापक म्हणाले, पुराण घुसडलं की विज्ञान उरतंच कुठं? अंबादास हातातले कागद नीट लावत राहिला. पुस्तक आमचं वाचनालयच काढणार होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावून घेतलं.

"शेवटची चार पानं बदल. विणकर देवांना वस्त्र अर्पण करतात, हात जोडतात... बस."

"ह्ये तुमाला पटतं का, सर?"

"पटण्याचा प्रश्न नाही, अंबादास. पुस्तक निघायला हवं."

मग माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनानं त्यानं नवा शेवट लिहिला.

पुस्तक निघालं, सत्कार झाले, त्याच चार माणसांनी हार घातले. त्यानंतर अंबादासनं एक ओळ लिहिली नाही. विचारलं की म्हणायचा, "सुचंना." मीही खोदून विचारलं नाही. ते मला सोयीचं होतं.

शोकसभेत सगळे त्या शेवटावरच बोलले. श्रद्धा आणि विज्ञानाचा काय सुंदर मिलाफ! अध्यक्ष मी होतो, मीही तेच बोललो. पद्मा समोर बसून ऐकत होती. सभा संपल्यावर ती जवळ आली. "सर, तुमच्या लायब्ररीतलं पप्पांचं पुस्तक तुम्ही कधी उघडलंय?"

सगळे गेल्यावर मी ते कपाटातून काढलं. शेवटची चार पानं ब्लेडनं कापलेली होती. त्या जागी त्याच्या हातची, जुन्या शेवटाची पानं पांढऱ्या सुतानं शिवलेली होती, टाके अगदी सरळ. मागच्या चिठ्ठीवर पुस्तक नेल्याची एकच नोंद होती, अंबादासची. त्याच्यानंतर ते कुणीच नेलं नव्हतं... आणि कपाटाची किल्ली इतकी वर्षं माझ्या खिशात होती.