सायराकानची वाकडी काच

सायराकानने बिश्केक शहरात सव्वीस वर्षं ट्रॉलीबस चालवली. वरच्या तारांना दोन लांब दांडे टेकवून विजेवर चालणारी ती अगडबंब बस, आणि तिच्या भल्यामोठ्या काचेमागे उशीवर उशी घेऊन बसलेली ही बुटकी बाई. दांडे तारेवरून निसटले की हातमोजे चढवून ती खाली उतरायची, मागे जाऊन दोर ओढायची आणि दांडे पुन्हा जागेवर बसवायची. उशीर झाला म्हणून कुणी कुरकुरलाच तर विचारायची, "येतोस वर चढून धरायला?" मग कुणी कुरकुरत नसे.

पुढे ट्रॉलीबस बंद झाल्या आणि बाई घरी बसली. घरी कसली, नवऱ्याच्या मानगुटीवर बसली. तुर्दुबेक दार उघडताना मागे बघत नाही, स्वयंपाकघरात वळण फार जवळून घेतो, असे नाना दोष तिला चाळीस वर्षांच्या संसारानंतर अचानक दिसू लागले. शेवटी कझानला नोकरीला गेलेल्या मुलाने आईला फोनवर सांगितलं, "आपा, माझ्या कॉम्प्युटरमध्ये बस चालवायचा खेळ आहे. स्टिअरिंगही खाली पेटीत पडलंय. बघ तरी एकदा." त्याला हा फोन करायला बापानेच सांगितलं होतं, हे बाईला फार उशिरा कळलं.

पहिल्याच दिवशी तिने खेळातल्या शहराला शिस्त लावली. पिवळा दिवा दिसला की गाडी उभी. चित्रातल्या मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले तरी ढिम्म हलायची नाही. प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्याने पुकारायची.

"अगं म्हातारे, कोण ऐकतंय?" तुर्दुबेक म्हणाला.

"तू ऐकतोयस ना? मग उतर."

अडचण एकच होती, ती म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा. एकोणीस इंचांचा, सपाट, पुस्तकाएवढा वाटणारा. बाजूचे आरसे त्यात बटणाएवढे दिसायचे. ते पाहायला बाई नाक पडद्याला टेकवायची आणि संध्याकाळी मान धरून बसायची. महिनाभरात मानेला उसण भरली. अशात एकदा औषध आणायला गेली असताना दुकानाच्या काचेत तिला एक मोठा, दोन्ही कडा पुढे वळलेला पडदा दिसला. बाई फुटपाथवर खिळलीच. घरी आली तीच म्हणत, "माझ्या बसची काच अशीच होती. मान न हलवता दोन्हीकडचं दिसायचं."

"वाकडा निघालाय म्हणून बाहेर मांडला असेल," तुर्दुबेक म्हणाला. "सरळ मिळतोय का विचार."

"तू सरळ आहेस म्हणून काय दिवे लावलेस?"

जर्दाळूचा मुरंबा विकून साठवलेले वीस हजार सोम तिच्याजवळ होते. त्यावर एक सोमही घालायचा नाही, असं तिने ठरवलं. मग टेप घेऊन टेबल मोजलं. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला भिंत, मधे पाऊण मीटर जागा. बसायची खुर्ची टेबलापासून किती लांब, तेही मोजून चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठी, टेप आणि आपली जुनी उशी पिशवीत घालून बाई कॉम्प्युटरच्या बाजारात निघाली.

दुकानदाराचं नाव एर्मेक. पंचविशीतला, केसांना तेलपाणी करून चकाचक. बाई आत येताच थोरल्या बहिणीला म्हणावं तसं 'एजे' म्हणत तो आदराने उठला. "या एजे. नातवासाठी बघताय?"

"माझ्यासाठी. वाकडा हवाय. वीस हजारांत."

एर्मेकने हसू गिळलं आणि थेट सगळ्यात महागड्यापाशी नेलं. "हा बघा. चौतीस इंच. दोनशे चाळीस हर्ट्झ! म्हणजे एका सेकंदात चित्र दोनशे चाळीस वेळा बदलतं."

"माझी ट्रॉलीबस ताशी चाळीसने जायची, बाळा. इतक्या घाईत मी काय बघणार?" तिने टेप लावला. "आणि हा माझ्या कपाटात घुसतो."

"मग कपाट हलवा!"

"कपाटात नवऱ्याचे मासे धरायचे गळ आहेत. कपाट हललं तर संसार हलेल."

दुसऱ्या पडद्याशी येऊन ती थांबली. खालच्या चिठ्ठीवर आकडा होता, पंधराशे, आणि पुढे एक इंग्रजी अक्षर. "हे काय?"

"ते... वाकडेपणा," एर्मेक म्हणाला. "जितका जास्त आकडा, तितका जास्त वाकडा."

शेजारच्या पडद्यावर अठराशे लिहिलं होतं. बाईने वाकून दोन्हींकडे कडेने पाहिलं, मग डोळा बारीक करून पुन्हा पाहिलं. "उलटं आहे. अठराशेवाला जास्त सपाट आहे. अरे, ही त्रिज्या आहे! पडदा लांबवत पूर्ण गोल केलास, तर मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत पंधराशे मिलिमीटर, म्हणजे दीड मीटर. आम्हाला वळणं शिकवताना पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचे. त्रिज्या कमी, वळण तीव्र."

एर्मेकने गुपचूप फोनवर शोधलं. बराच वेळ वाचलं. मग फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, "एजे, उद्यापासून कामाला येता का?"

बाईने मात्र तोवर दुकानातली खुर्ची ओढून तिच्यावर उशी टाकली होती. चिठ्ठीत पाहून टेपने अंतर धरलं, बसली आणि दोन्ही हातांत नसलेलं स्टिअरिंग पकडलं. डावीकडे वळली, उजवीकडे वळली, आरसा पाहिला. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं जमा झाली. कुणीतरी विचारलं, "आजी, पुढचा थांबा कुठला?" तिने मान न वळवता उत्तर दिलं, "तिकीट काढलंयस का?"

पंधराशेवाला बत्तीस इंची पडदा तिला पसंत पडला. कपाट आणि भिंतीमधे तो बसत होता, अंगठ्याएवढी फट ठेवून. किंमत मात्र चोवीस हजार. बाई उठली, उशी पिशवीत घातली. चेहरा पडला, पण हिशोब मोडायची सवय नव्हती.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा एर्मेक म्हणाला, "थांबा. याच मॉडेलचा मांडणीत ठेवलेला एक आहे. खाली कोपऱ्यात एक ठिपका कायमचा काळा पडलाय. कुणी घेत नाही. पण आधी सांगितलं नाही म्हणू नका."

बाईने ठिपका शोधला. सापडायला चष्मा बदलावा लागला. "हा? माझ्या काचेवर बोटभर तडा होता, अकरा वर्षं. किती?"

"साडेएकोणीस. वॉरंटी पूर्ण."

"पाचशे उरले," ती म्हणाली. "बसभाडं सुटलं." आणि खोकं घेऊन थांब्यावर आली.

तिथेच खरी पंचाईत झाली. बॅटरीवर चालणारी नवी बस आली आणि गाडीवर होती बुरमा. तिला गाडी शिकवली होती सायराकाननेच, तेही रडवून रडवून. बुरमाने खोकं पाहिलं, मग खोक्यामागून डोकावणारी आपली गुरू पाहिली.

"ए बाई, ही बस आहे, मालगाडी नाही!" बुरमा ओरडली. सायराकान सव्वीस वर्षं हेच वाक्य याच सुरात ओरडत असे. तिचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला.

"आरसा आहे गं," ती पुटपुटली.

"आरशाच्या खोक्यावर उडत्या गाड्यांचं चित्र? आत या एजे, मागे उभं करा. सामानाचं तिकीट मात्र पडेल."

सगळ्या बसदेखत सायराकानने दोन तिकिटं काढली. वाटेत बुरमाने एक ब्रेक जरा जोरात मारला, तेव्हा तिने खोक्याला मिठी मारली आणि पहिल्यांदाच ड्रायव्हरला एकही सूचना केली नाही.

घरी पडदा लागला. तुर्दुबेकने चहा आणून ठेवला आणि मुद्दाम स्टुलावर पाठमोरा बसला. बाईने गाडी काढली. पहिल्या चौकाशीच तिचे हात थांबले. डावा आरसा डावीकडे होता, उजवा उजवीकडे, आणि मधे सगळा रस्ता. ती थांब्याचं नावही पुकारायला विसरली, तेव्हा तुर्दुबेकने वळून पाहिलं. बाई डोळे पुसत होती.

"रडतेस काय? सिग्नल हिरवा झालाय," तो म्हणाला.

"डोळ्यांना सवय नाही अजून," ती म्हणाली, आणि गियर टाकला.

पहिले दोन दिवस तिला वळणांवर गरगरलं, मग बसलं सगळं. मान सुधारली. रविवारी बुरमा बोर्सोक घेऊन आली. गरम तळलेले ते गोळे आणि मुरंबा खाऊन झाल्यावर ऐटीत स्टिअरिंगवर बसली आणि पहिल्याच कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला धडकली. सायराकान स्टुलावरून पडायची बाकी राहिली. "त्रिज्या!" ती हसत ओरडली. "त्रिज्या बघ, पोरी!"

बुरमा गेल्यावर तुर्दुबेक पडद्यापाशी घुटमळत राहिला. काळा ठिपका बोटाने खरवडून पाहिला.

"काय हवंय?" सायराकानने विचारलं.

"काही नाही. यात म्हणे मासे पकडायचाही खेळ असतो?"

"असतो. पण तुझी पाळी फक्त मंगळवारी सकाळी. आणि मी शिट्टी वाजवली की उठायचं."