वाहन नसलेल्यांचे मत

प्रश्नावलीतला पहिला प्रश्न माझा होता : ‘आपल्याकडे कोणते वाहन आहे?’ उत्तर ‘नाही’ असे आले, तर आभार मानून मुलाखत संपवायची. संख्याशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झालेल्या मला तो फार नेटका वाटला होता. पार्किंगबद्दल मत घ्यायचे, तर ज्याला गाडी लावायची आहे त्याचे घ्यावे; नमुना स्वच्छ राहतो. मी जिथे काम करत होते त्या लहानशा सल्लागार संस्थेतल्या सरांनी त्यावर ‘उत्तम’ असा शेराही मारला होता.

ते सलग दुसरे दुष्काळी वर्ष होते. हर्सूल तलावाचा तळ भेगाळला होता आणि तरीही शहर वाढत होते. शेंद्र्याकडच्या कारखान्यांनी माणसे आणली, माणसांनी गाड्या आणल्या आणि क्रांती चौकामागच्या गल्ल्यांत त्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहू लागल्या. अशाच एका गल्लीत काकांचे हार्डवेअरचे दुकान होते आणि वरच्या मजल्यावर घर. शिक्षणासाठी गावाहून आले तेव्हापासून मी त्यांच्याकडेच राहत होते. गल्लीत गाड्या लावू द्याव्यात, शुल्क आकारावे की बंदी घालावी, यावर आम्ही महापालिकेसाठी लोकांचे मत गोळा करत होतो. पहिल्या आठवड्याचा कौल निर्विवाद होता : आहे तसेच राहू द्या.

मग टँकरचा दिवस उजाडला. गल्लीच्या शेवटच्या खोल्यांतल्या बायकांनी सकाळपासून दारापुढे ड्रम मांडून ठेवले होते. पण टँकर गाड्यांमुळे गल्लीच्या तोंडाशीच अडला. त्याचा पाइप जेमतेम तिसऱ्या घरापर्यंत पोहोचला. बायका कळशा भरून, गाड्यांच्या आरशांपासून अंग चोरत, शेवटपर्यंत फेऱ्या मारू लागल्या. त्यांच्यातल्या एका पापड लाटणाऱ्या मावशींनी माझ्या हातातले कागद पाहून कळशी खाली टेकवली.

“काय लिहायलीस, ताई?”

“पार्किंगबद्दल लोकांचं मत घेतेय.”

“मग माझं घे की.”

“तुमच्याकडे गाडी आहे का?”

“ही काय, दोन पायांची. सकाळधरनं चालूच हाय, लावायला जागा घावंना.” बाकीच्या खळखळून हसल्या.

मी नियमाप्रमाणे आभार मानले.

“आभार कशाचे? अजून बोलले कुठं मी? गाडी नाय म्हणून रस्ता बी माझा नाय व्हय?”

मी हातातल्या कागदावरचा पहिला प्रश्न पुन्हा वाचला. मी जनमत मोजलेच नव्हते. ज्यांनी रस्ता व्यापला होता, त्यांनाच मी विचारत होते की रस्ता व्यापलेला चालतो का. ही चूक हाताची नव्हती, रचनेची होती, आणि रचना माझी होती.

दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न खोडला आणि शेवटच्या खोल्यांपासून सुरुवात केली. त्यांची मागणी अगदी माफक निघाली : टँकरच्या दिवशी दुपारपर्यंत रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवा. ‘गाडी लावू दिली नाही तर गिऱ्हाईक फिरकणार नाही,’ असे दुकानदार एका सुरात सांगत होते. तेही पडताळावे म्हणून मी दर तासाला उभ्या गाड्यांचे नंबर टिपू लागले. बहुतेक नंबर दुकाने उघडल्यापासून बंद होईपर्यंत बदलतच नव्हते. कोणतेही गिऱ्हाईक दिवसभर खिळे विकत घेत नाही. गाड्या दुकानदारांच्याच होत्या, आणि यादीत पहिला नंबर काकांचा होता.

तो त्यांनी पाहिला.

“माझ्या दुकानापुढं नाय तर काय चौकात उभी करू गाडी?”

“काका, त्या एका जागेत दिवसभरात कितीतरी गिऱ्हाइकं येऊन गेली असती.”

“लई शहाणी झालीस. माझ्याच घरात राहून माझीच चुगली?”

काकू जिन्यातून म्हणाल्या, “खरं तेच बोलायली ती. मला तर विचारलं बी नाय कुणी. गाडी कुठंय माझ्या नावावर?”

काकांसमोरच मी काकूंची प्रश्नावली भरून घेतली.

अहवाल पाहून सर भडकले. “मध्येच प्रश्नावली बदलतात का? नमुना बिघडवलास. या बायकांची उत्तरं काढून टाक.”

त्यांच्या आक्षेपात तथ्य होते. म्हणूनच मी तयारीने गेले होते. “जुन्या आणि नव्या प्रश्नावलीचे तक्ते वेगळे दिले आहेत, सर. पहिला सदोष का आहे, हेही लिहिलं आहे.”

“दोष कोणाचा म्हणून लिहिलास?”

“माझा.”

“तुझ्या नावाचा हा पहिला अहवाल. पुढे पीएच.डी. करायची म्हणतेस ना?”

“करणारच आहे. त्या बायकांची उत्तरं काढायची असतील तर माझं नावही काढा. का काढलं, ते विचारील त्याला मी सांगेन.”

त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला. “मग लोकांसमोर अहवाल मांडायच्या सभेत तूच वाच,” ते म्हणाले. ती शिक्षा होती; मी संधी म्हणून घेतली.

सभा गल्लीतल्याच एका सभागृहात झाली. पुढच्या रांगांत दुकानदार, दुसऱ्या रांगेत काका, आणि खुर्च्या अपुऱ्या पडल्याने भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शेवटच्या खोल्यांतल्या बायका. मी आधी माझी चूक वाचली, मग नंबरांची यादी. काकांचा नंबर मी वगळला नाही, आवाजही खाली आणला नाही.

“गाडी नसलेल्यांना पार्किंगचं काय कळतंय?” पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडले. काकांनी मान वळवून ओरडणाऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“पुढचा तक्ता त्यांचाच आहे,” मी म्हणाले, “आणि तो लांब आहे. बसून घ्या.”

मी पान उलटले आणि शेवटच्या खोलीपासून वाचायला लागले.